सगळ्यांची दुसरी पसंती

दिग्रसमध्ये निजामुद्दीनचाचांबद्दल वाईट बोलणारा एक माणूस मला शोधून दाखवा, मी माझ्या दुकानाचं शटर कायमचं खाली ओढते. असा माणूस मिळायचा नाही. आणि मला संताप येतो तो याचाच. ज्याला सगळे चांगला म्हणतात, त्याला आमचा कारागीर संघ एकोणीस वर्षांत समितीतली एक खुर्ची देऊ शकला नाही.

मी दीपा. बस स्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. अर्ज, लग्नपत्रिका, भाडेकरार, जे म्हणाल ते टाईप करून देते. दुकानाला लागूनच टिनाची एक शेड आहे आणि तिच्यात चाचा जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करतात. वय एकसष्ट. चष्म्याची एक काडी मोडली आहे, तिथं सुती दोरा बांधलेला. शेतातली पाणबुडी मोटार जळून आली की आधी जळकी तार काढायची, तिचे वेढे मोजायचे आणि नवी तांब्याची तार तितक्याच वेढ्यांनी भरायची. मोजताना ते पुटपुटतात. मध्येच कोणी काही विचारलं तर एक बोट वर करतात, म्हणजे थांब. आमदाराचा माणूस असो की भंगारवाला, बोट तेच. एखाद्या शेतकऱ्यानं घाई केली की सांगतात, "बाप्पा, तिन्ही फेजले आपआपला हिस्सा भेटला पाहिजे. एकाले कमी देला तं मोटार घुमते, तापते, अन् मंग जळते. जळाल्यावर तू माह्याकडंच येशीन."

त्यांच्या हाताखालून न गेलेली मोटार आमच्या भागात सापडणं कठीण. संघाच्या आवारातला पाण्याचा पंप त्यांनी बसवला, गाळ्यांचं वायरिंग त्यांनी केलं, तेही फुकट. संघाचं आहे, आपलं आहे, म्हणून. हे "आपलं" वगैरे ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण आपलं काय होतं तिथं?

हिशोब सोपा आहे, सांगून टाकते. संघात दोनशे बारा सभासद. गॅरेजवाले शहाण्णव, वेल्डिंग-फॅब्रिकेशनवाले चौपन्न आणि उरलेले आम्ही बासष्ट. आम्ही म्हणजे वाइंडिंगवाले, घड्याळवाले, चपला शिवणारे, चाव्या बनवणारे, फॉल-पिको करणाऱ्या बायका आणि मी. संघाच्या रजिस्टरात त्यांचं नाव "गॅरेज विभाग", वेल्डिंगवाल्यांचं "फॅब्रिकेशन विभाग", आणि आमचं नाव "किरकोळ". छापील आहे. दरवर्षी ते रजिस्टर मीच छापते आणि दरवर्षी तो शब्द टाईप करताना मी दातओठ खाते.

समिती सात जणांची. निवडणुकीत प्रत्येकाला सात मतं. गॅरेजवाले आपल्या सात माणसांची यादी काढतात आणि शहाण्णवच्या शहाण्णव जण त्याच सातांना मतं देतात. वेल्डिंगवाल्यांच्या सातांना चौपन्न, आमच्या सातांना बासष्ट. कोण येणार? सातही गॅरेजवाले. शंभरात पंचेचाळीस लोक, आणि खुर्च्या शंभरातल्या शंभर. चाचा पाच वेळा उभे राहिले, पाचही वेळा पडले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फरक एवढाच की आमचं तोंड मतपत्रिकेनं दाबलेलं होतं.

बरं, समितीच्या हातात काही नसतं तर मीही म्हटलं असतं, बसा तुम्हीच. पण संघाच्या जागेवरचे गाळे कोणाला द्यायचे ते समिती ठरवते. आठ वर्षांपूर्वी पहिले बारा गाळे झाले. अकरा गॅरेजवाल्यांना गेले, एक वेल्डिंगवाल्याला, आणि तोही अध्यक्षाचा साळा. आमच्यातलं एकही नाव नव्हतं. चाचा विचारायला गेले तेव्हा अध्यक्ष रामधनभाऊ हसून म्हणाले होते, "चाचा, तुमच्या लोकायचं दुकान तं पेटीत मावते. तुमाले गाळा कायले पाहिजे?"

रामधन वाईट शब्द बोलत नाही. तोंडात कायम साखर. भेटला की खांद्यावर हात ठेवतो, पोराबाळांची चौकशी करतो. तो चिडका, उर्मट असता तर त्याच्याशी भांडणं सोपं गेलं असतं.

आता दुसऱ्या बारा गाळ्यांचं बांधकाम पुरं होत आलं होतं. त्याच वेळी बस स्टँडचा रस्ता रुंद करायचं ठरलं. रस्ता रुंद व्हायला हवाच, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यात चाचांची शेड जाणार होती, आणि जिन्याखाली मशीन मांडून फॉल-पिको करणाऱ्या रशीदाभाभींची जागा जाणार होती, आणि आमच्यातल्या आणखी तेवीस जणांची. म्हणजे या वेळी समितीत आमचं कोणी नसलं तर हे पंचवीस जण रस्त्यावर, तेही अक्षरशः. निवडणूक चार महिन्यांवर होती.

चाचा एक दिवस दुपारी दुकानात आले आणि खुर्ची ओढून बसले.

"बेटा, एक अर्ज टाईप कर. संघाची घटना बदलाची आहे."

"काय बदलायचं?"

"ज्याईची जितकी मतं, त्याईच्या तितक्या खुर्च्या. शहाण्णव लोक आहेत तं तीन खुर्च्या घ्या. वेल्डिंगवाल्याईले दोन. आमाले दोन. झाल्या सात. कोणाची भीक नाई, कोणावर जुलूम नाई. हिस्सेवारी."

मी हसले. आज ते हसणं आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी पदवीधर. पदवीधर मतदारसंघाच्या निवडणुकीत मी मत दिलेलं, तिथलं जांभळं स्केचपेन हातात धरलेलं, नावांपुढं एक, दोन, तीन असे पसंतीचे आकडे लिहिलेले. त्या पद्धतीवर माझा फार जीव. मी चाचांना शहाणपण शिकवायला बसले. म्हटलं, चाचा, हिस्सेवारीनं गट पक्के होतात. गॅरेजवाला गॅरेजवाल्यालाच, किरकोळवाला किरकोळवाल्यालाच. त्यापेक्षा पसंतीचं मत चांगलं. सगळ्यांनी आकडे लिहायचे. पहिल्या पसंतीत कोणाला निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर सगळ्यात कमी मतांचा उमेदवार बाद करायचा आणि त्याच्या मतपत्रिका त्यांच्यावरच्या दुसऱ्या पसंतीकडे द्यायच्या. शेवटी जो येतो तो बहुतेकांना चालणारा माणूस असतो. आणि बहुतेकांना चालणारा माणूस दिग्रसमध्ये तुमच्याशिवाय कोण आहे?

चाचांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "तुह्यं खरं आहे. एकच माणूस निवडाचा असन तं तुह्यी पद्धत चांगली. पण बेटा, एक खुर्ची कितीबी इमानदारीनं वाटली तरी तिच्यावर एकच जण बसते. बाकीचे उभेच."

"आणि तुमच्या हिस्सेवारीत रोज भांडणं होतील. कोणाकडेच बहुमत नसलं की निर्णयच होणार नाहीत."

"भांडण आतमधी होऊ दे ना. आता आमी बाहेर उभं राहून भांडून राह्यलो. आतलं भांडण कायले वाईट?"

मी हट्ट सोडला नाही. मी त्यांचा अर्ज टाईप केला खरा.

संघाच्या सभेत चाचांनी तो वाचला. वेल्डिंगवाल्यांचा पुढारी फुलचंद, ज्याचा स्वतःचा फायदा त्यात होता, तोसुद्धा मिशीवरून हात फिरवत बसला. गॅरेजवाल्यांनी आरडाओरडा केला. हा संघ आहे की जमिनीची वाटणी, असं कोणीतरी ओरडलं. आणि मी, चाचांना मदत करायला म्हणून, उठले. सांगितलं की जगात दोन्ही पद्धती आहेत, हिस्सेवारी नको असेल तर निदान पसंतीचं मत तरी घ्या, आपल्या पदवीधर मतदारसंघात चालतंच ते.

रामधनचे डोळे बारीक झाले. तो लगेच उभा राहिला. "पोरीनं डोकं लावलं! मी तं म्हणतो, सुधारणा झालीच पाहिजे. आता सातांची निवडणूकच नको. अध्यक्ष थेट सभासद निवडतीन, पसंतीच्या मतानं, अर्ध्याहून जास्त लोकायचा. अन् बाकी सहा जण अध्यक्ष घेईन सोबत, सगळ्या विभागातले पाहून. काहून चाचा, तुमीच तं बदल मांगून राह्यलते?"

टाळ्या पडल्या. आमच्या बासष्टांनी सगळ्यात जोरात वाजवल्या. हात वर झाले, ठराव पास. आम्ही सात खुर्च्यांतला हिस्सा मागायला गेलो होतो आणि रामधननं सातच्या सात एका माणसाच्या खिशात घालून वर त्याला सुधारणा म्हटलं. मी सभेतून बाहेर आले ती हवेत तरंगत. म्हटलं, चाचा, आता तुम्ही अध्यक्ष. चाचा चपला शोधत होते. म्हणाले, "पाहू."

तीन अर्ज आले, रामधन, फुलचंद आणि चाचा. पुढचा महिनाभर मी कान उघडे ठेवून होते. गॅरेजवाले दुकानात झेरॉक्सला आले की म्हणायचे, "एक नंबर तं घरचा आहे, पण दोन नंबर चाचाले, डोळे मिटून." वेल्डिंगवालेही तेच. कोणी एक जण नव्हता जो म्हणाला, चाचांना काहीच देणार नाही. मी खूश. मला वाटायचं, इतक्या सगळ्यांच्या मनात असलेला माणूस पडेलच कसा?

मतपत्रिका मीच छापल्या. नावापुढे आकडे लिहा, एवढं मोठ्या अक्षरात होतं. "एक हा आकडा एकाच नावापुढे लिहावा, अन्यथा मत बाद होईल" ही ओळ पानावर मावत नव्हती, म्हणून मी ती खाली बारीक अक्षरात घातली. रोज पन्नास लोकांचे अर्ज टाईप करते मी, कोणतं अक्षर कोणाला वाचता येतं हे मला ठाऊक नाही असं कसं म्हणू? पण पान नीट दिसावं म्हणून मी ते केलं.

मतदानाच्या आदल्या दिवशी रामधन आमच्या बासष्टांच्या घरोघर गेला. गाळ्यांचं आश्वासन त्यानं कोणालाही दिलं नाही, तो तेवढा कच्चा नाही. तो ओसरीवर बसला, चहा प्यायला आणि म्हणाला, "मले फक्त एक द्या." आता आमच्याकडची रीत अशी की दारात आलेल्याला, तेही चहा पिऊन शब्द मागणाऱ्याला, नाही म्हणत नाहीत. आणि एकदा शब्द दिला की तो पाळतात. चाचांना सगळ्यांनी आधीच शब्द दिलेला होता. आता रामधनलाही दिला. म्हणून लोकांनी काय केलं?

दोनशे आठ जणांनी मत दिलं. आमचे बासष्टचे बासष्ट आले होते. मोजणीला मी बसले, तिन्ही उमेदवारांचा एकेक माणूस समोर. पहिल्या पसंतीचे गठ्ठे लावता लावता एक मतपत्रिका हातात आली, रामधनपुढे एक आणि चाचांपुढेही एक. मी ती बाजूला ठेवली. थोड्या वेळानं दुसरी. मग तिसरी. अकरा निघाल्या. नऊ जणांनी दोघांना एक दिला होता आणि दोन जणांनी तर तिघांनाही. ती बारीक अक्षरातली ओळ कोणी वाचली नव्हती, किंवा वाचूनही त्यांना शब्द मोडता आला नव्हता. दोन नंबर लिहिणं म्हणजे घरी आलेल्या माणसाला कमी लेखणं. नियम मीच छापला होता. अकरा मतं बाद.

रामधन एक्याण्णव. फुलचंद पंचावन्न. चाचा एक्कावन्न. सगळ्यात कमी कोणाची? चाचांची. नियमाप्रमाणे चाचा पहिल्याच फेरीत बाद.

त्यांच्या एक्कावन्न मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मी मोजली. तीस फुलचंदला, एकवीस रामधनला. आमच्या लोकांनी! कोणी सांगितलं, अध्यक्षाशी कायले वाकडं घ्या. रामधन एकशे बारा, फुलचंद पंच्याऐंशी. गुलाल उधळला गेला आणि रामधन जिन्यावर उभा राहून म्हणाला, "आजवर लोक मले पंचेचाळीस टक्क्याचा अध्यक्ष म्हणत. आता मी अर्ध्याहून जास्त लोकायचा अध्यक्ष आहे. हे किरकोळ विभागाच्या मतानं झालं, मी त्याईचा आभारी आहे." 

सगळे गेल्यावर मी उरलेल्या गठ्ठ्यांमधली दुसरी पसंती मोजली. कोणी सांगितलं नव्हतं, नियमात त्याची गरज नव्हती. रामधनच्या एक्याण्णव मतपत्रिकांपैकी ब्याऐंशींवर चाचांपुढे दोन होता. फुलचंदच्या पंचावन्नांपैकी पन्नासांवर. म्हणजे चाचा आणि रामधन अशी दोघांचीच लढत असती तर चाचा जिंकले असते. चाचा आणि फुलचंद असती तरी चाचाच. त्या अकरा जणांनी एक हा आकडा फक्त चाचांपुढे लिहिला असता, तरी फुलचंद आधी बाद झाला असता आणि त्याच्या लोकांची मतं घेऊन चाचा एकशे बारावर गेले असते. ज्याला जवळजवळ सगळ्यांनी दुसरा मानला, त्याचे ते एकशे बत्तीस दोन माझ्या टेबलावर पडून होते आणि एकाचीही किंमत नव्हती, कारण ते उघडायच्या आधीच माणूस बाद झाला होता.

मी चाचांना सांगितलं. रडले. म्हटलं, चाचा, माझ्यामुळं. पद्धत माझी, बारीक ओळ माझी.

ते मोटारीच्या खाचांमध्ये कागद सारत होते. थांबले नाहीत. "पद्धत वाईट नाई, बेटा. पद्धत एक माणूस निवडाले होती, त्यानं एक निवडला. आपल्याले हिस्सा पाहिजे होता. हिस्सा मांगाले गेलो अन् तराजू घेऊन आलो." पुढच्या खाचेकडे वळून म्हणाले, "त्या अकरा जणाईले सांगू नको. शरमेनं मरतीन."

रशीदाभाभींनी मला निकालाच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, "दीपाताई, मी दोघायलेबी एक देला. कोणाचा शब्द खाली नाई पडू देला." मी मान डोलावली आणि नंतर तेवढं चाचांच्या कानावर घातलं. चाचांनी सांगितलं होतं म्हणून गप्प बसले आणि त्या गप्प बसण्याचाही मला राग आहे.

रामधननं सहा जण निवडले. पाच गॅरेजवाले, एक फुलचंदचा भाऊ. महिनाभरात बारा गाळ्यांची यादी टाईप करायला माझ्याकडेच आली. दहा गॅरेजवाले. अकरावा वेल्डिंगवाला. बारावं नाव निजामुद्दीनचाचांचं.

मी यादी घेऊन शेडमध्ये धावले. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. त्यांचं दुकान तरी वाचलं. चाचांनी चष्मा नीट केला, यादी दोनदा वाचली.

"रशीदा नाई?"

"नाही."

"तो घड्याळवाला नाई, चपलावाला नाई?"

"कोणीच नाही, चाचा. तुम्ही एकटे."

"मंग मीबी नाई." त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतःच्या नावावर आडवी रेघ मारली. "हा गाळा मले नाई देला त्यानं, चोवीस लोकायच्या तोंडाले कुलूप देलं. अन् चाबी मी खिशात घालू?"

ते रामधनकडे गेले, म्हणाले, माझ्याऐवजी रशीदाला द्या. रामधननं खांद्यावर हात ठेवला. गाळा सभासदाला दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, नियम आहे, नको असेल तर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. पुढचा माणूस रामधनचा पुतण्या होता. गाळा त्याला गेला. आणि आता ऐका, आमचेच लोक चाचांना म्हणाले, घेऊन घ्याचा होता, आलेली लक्ष्मी कोणी परत करते काय. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, आणि वर आंधळ्यालाच शिव्या.

शेड गेली. चाचा आता माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत वाइंडिंग करतात. रशीदाभाभींची मशीन त्यांच्या घराच्या ओसरीवर आहे. तिथं गिऱ्हाईक येत नाही, कारण फॉल-पिकोचं गिऱ्हाईक साडीच्या दुकानातून निघून जाता जाता थांबणारं असतं, गल्लीत शोधत जाणारं नाही. यादीची बातमी कळल्यावर त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "ताई, आमी इतक्या लोकाईनं मत देलं, त्याचं झालं काय?"

मग मात्र मी सांगितलं. चाचांनी नको म्हटलं होतं तरी सांगितलं. तुमचं मत बाद झालं, भाभी. त्या अकरांत तुम्ही होता.

त्या समोरच्या खुर्चीत बसल्या. मग विचारलं, "चाचाले माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"अन् त्याईनं तरीबी माह्यंच नाव सांगतलं गाळ्यासाठी?"

मी हो म्हटलं. त्या उठून गेल्या.

चाचांनी पुन्हा अर्ज काढला. या वेळी मी डोकं ठिकाणावर ठेवून टाईप केला. पसंतीचे आकडे राहू द्यावेत, पण खुर्च्या सातच्या सात निवडून द्याव्यात. एकूण मतांच्या आठव्या हिश्श्याहून जास्त मतं ज्याला मिळतील तो आत. जादा झालेली आणि बाद झालेल्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातील. म्हणजे माझी पद्धत आणि त्यांची हिस्सेवारी, दोन्ही एकत्र. आधीच एवढं शहाणपण सुचलं असतं तर! साध्या सभेत हा विषय घ्यायला रामधन आता तयार नव्हता, आणि खास सभेसाठी एक तृतीयांश सभासदांच्या सह्या लागतात, एकाहत्तर. चाचा सायकलवर दारोदार फिरले. आमच्यातल्या सात जणांनी सही केली नाही, रामधनला वाईट वाटेल म्हणून. वेल्डिंगवाल्या दहा जणांनी केली. फुलचंदनं केली नाही. तो दुसरा आला होता ना. पुढच्या वेळी आपणच येऊ असं ज्याला वाटतं, तो नियम बदलत नाही. पासष्ट सह्या झाल्या.

वार्षिक सभेत चाचांनी तो अर्ज रामधनच्या टेबलावर ठेवला. रामधननं सह्या मोजल्या, सगळ्यांना दिसेल असा कागद वर धरला आणि म्हणाला, "सहा कमी आहेत, चाचा. माह्यं मन तं खूप आहे, पण नियमापुढं मी काय करू?" पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं. चाचा खाली बसले.

तेव्हा मागून रशीदाभाभी उठल्या. त्या सभेत कधी बोलत नाहीत. पदर डोक्यावर घट्ट ओढून त्या पुढे टेबलापर्यंत आल्या.

"रामधनभाऊ, तुमी मतदानाच्या आदल्या दिवशी माह्या घरी आलते. चहा पेला. मी तुमाले शब्द देला. तो शब्द मी वापस घेऊन राह्यली. माह्या कागदावरचा एक आता फक्त चाचाचा."

रामधन गोड हसला. "भाभी, वापस घ्याची गरजच नाई. तुमचं मत तं बाद झालं म्हणतेत. मले कुठं भेटलं ते?"

"मंग चाचाले भेटलं?"

"त्याईलेबी नाई."

"फुलचंदभाऊले?"

"कोणालेच नाई, भाभी. बाद म्हणजे बाद."

"पण मी तं टाकलं. सकाळी सातपासून लाइनीत उभी होती. बोटाले शाई लावली. तुमाले नाई, चाचाले नाई, तं मंग माह्यं मत आहे कुठं?"

रामधननं माझ्याकडे पाहिलं. मोजणी मी केली होती, उत्तर माझ्याकडेच होतं. मी उभी राहिले. 

"माझ्या दुकानाच्या कपाटात आहे, भाभी," मी म्हटलं. "एका पाकिटात तुम्हा अकरा जणांची मतं आहेत. ती कोणीच मोजली नाहीत."

रशीदाभाभींनी सगळ्या सभेकडे एकदा वळून पाहिलं.

"मंग मोजा," त्या म्हणाल्या.